नऊ टक्क्यांचा कापूस
(पांढरकवडा येथील वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत जावास्क्रिप्ट उभी केली आणि आज वेबवरचे फॉर्म तीच चालवते, हे कॉलेजातल्या मंडळींना ठाऊक आहे, पुढे जातो. माझा आग्रह एकच आहे. या फॉर्मांच्या युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या छोट्या चाचण्या, मराठीत लिहा, आणि त्यांतले आकडे बाजार समितीच्या आवारातून आणा.

उदाहरणार्थ, भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, कापसाला आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते. पुढे टक्क्यामागे एक टक्का कपात, आणि बाराच्या वर खरेदी नाही. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये; म्हणजे नऊ टक्क्यांना ८,०२८ रुपये ९० पैसे. समजा, हा हिशेब करणारा फॉर्म तुम्ही लिहिलात. रकान्यात भरलेला आकडा जावास्क्रिप्टच्या हाती मजकूर म्हणून येतो. बाराची मर्यादाही पानावरून तशीच उचलली, तर तुलना अक्षराअक्षराने होते. नवाची गाठ बारातल्या एकाशी पडते आणि नऊ हा बारापेक्षा मोठा ठरतो! (हशा) हसू येतं खरं, पण पुढे ऐका. दहा, अकरा, बारा टक्के पास होतात. आठ आणि नऊ नापास. कोरडा कापूस परत, ओला आत! प्रोग्रामरनं दहा आणि पंधरा टाकून पाहिलं, तर त्याला सगळं बरोबरच दिसणार.

आकडे आधी संख्येत बदलून घ्यायचं ठरवलं, तरी कोणी मराठी कीबोर्डवर ‘९’ लिहिला, तर जावास्क्रिप्ट त्याचं संख्येत रूपांतर करू शकत नाही. ‘ही संख्याच नाही’ असं तिचं उत्तर. अशा उत्तराची बाराशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते, म्हणून ‘बारापेक्षा जास्त आहे का’ हा पहारा तो सहज ओलांडतो.

हा ओलावा येतो कुठून ते कळावं म्हणून वेचणीबद्दल थोडं बोलू द्या. मजुरी किलोवर, त्यात ऊन चढायच्या आत जमेल तेवढं वेचायचं. बोंडावर दव असतं. कास्तकार तो कापूस वाळवतो, गाडी भाड्यानं करतो, जिनिंगच्या दारात रांगेत उभा राहतो. गाडीत वरचा कापूस कोरडा, तळचा दमट. मीटर ८.४ दाखवतं. या ०.४ ची कपात करायची की नाही? प्रोग्रामरनं हे मनानं ठरवू नये. खरेदीच्या वेळी कापूस तपासणाऱ्या ग्रेडरला विचारावं, आणि त्याचं उत्तर टेस्टमध्ये लिहावं.

मागून प्रश्न आला, ‘तपासायला माणसं असतात, मग हे कशाला?’ माणूस एकदा तपासेल, दोनदा तपासेल. कोडमध्ये बदल दर आठवड्याला होतो, आणि लिहून ठेवलेली टेस्ट प्रत्येक बदलानंतर काही सेकंदांत चालते. ऐन हंगामात फॉर्म चुकला तर परत फिरलेल्या गाडीचं भाडं कोण देणार?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, आवरतं घेतो. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये २०२२ पासून टेस्ट चालवायची सोय आयतीच आहे. पानाचा आभास हवा तर जेएसडॉम घ्या. जेस्ट, व्हायटेस्ट ही टेस्टची दुसरी साधनं तुमच्या आवडीनं. टेस्टचं नाव अवतरणात असतं, तिथे सरळ लिहा: ‘नऊ टक्के ओलाव्याचा कापूस नाकारू नये’. ग्रेडरलाही ते वाचता येईल. आधी चुकीच्या कोडवर ही टेस्ट लाल, म्हणजे नापास, होते का पाहा, मग कोड दुरुस्त करा.

लॅपटॉप आणला आहे. मुलांनी थांबावं, आणि कापूस विकलेल्यांपैकी कोणी थांबलं तर फार बरं, आकडे त्यांच्याकडून घ्यायचे आहेत.