आपल्या मुलांच्या प्रोग्रॅमिंग-स्पर्धेस साह्य
(महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



उत्सवाच्या दिवशीं कोणी मागणें घेऊन उभें राहावें, हें कदाचित् आपणांस रुचणार नाहीं. तथापि मागणें मुलांसाठीं आहे, म्हणून संकोच सोडून बोलतों. आपल्या भागांतील शाळांच्या मुलामुलींसाठीं कांहीं शिक्षक व तरुण अभियंते स्वयंसेवेनें दरवर्षीं प्रोग्रॅमिंगची स्पर्धा भरवितात. तीस आपलें द्रव्यसाह्य हवें आहे.

प्रोग्रॅमिंग म्हणजे संगणकास क्रमवार आज्ञा लिहून देणें. परंतु खरें काम विचाराचें. बाप्तिस्म्याच्या नोंदींतील एक हजार नांवें वर्णानुक्रमानें लाविलीं आहेत असें समजा. त्यांतील एक शोधावयाचें आहे. पहिल्यापासून वाचीत गेल्यास कदाचित् हजारही नांवें पाहावीं लागतील. उलट, मधलें नांव पाहून निम्मी यादी वगळावी, उरलेल्या यादीचें पुन्हा मधलें पाहावें, असें केल्यास फार तर दहा वेळां पाहून काम होतें. ही युक्ति जें मूल स्वतः शोधून काढतें, त्याच्या बुद्धीस जन्मभर पुरेल असें वळण लागतें.

शालेय विद्यार्थ्यांची अशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८९ सालीं बल्गेरियांतील प्रावेत्स येथें १३ देशांच्या सहभागानें सुरू झाली. २००२ पासून भारताचे विद्यार्थीही तींत उतरूं लागले. त्यांच्या निवडीसाठीं आपल्या देशांत कागद-पेन्सिलीनें परीक्षा घेण्याची प्रथा पडली. तींत प्रोग्रॅमिंग येण्याचीही अट नसे. म्हणून ज्याच्या घरीं संगणक नाहीं, त्यासही तेथें आपली बुद्धि दाखवितां येई.

गेल्या वर्षीं आमच्या स्पर्धेस आलेल्या एका मुलीनें सर्व आज्ञा घरूनच वहींत लिहून सराव केला होता, कारण घरीं संगणक नव्हता. स्पर्धेंत तिचीं बहुतेक उत्तरें बरोबर आलीं. तिचा भाऊही तितकाच हुशार. पण तो आला नाहीं. घरांत एकाच्याच एस्.टी.च्या भाड्यापुरते पैसे होते. हें आम्हांस मागाहून कळलें, आणि आम्हांला आमची लाज वाटली.

श्रमाचा मोबदला आमच्यापैकीं कोणी घेत नाहीं. परंतु मुलांचें भाडें, दुपारचें जेवण, छपाई व भाड्यानें आणावयाचे संगणक, यांस पैसा लागतोच. प्रवेश-फी ठेवावी, तर ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, तींच मुलें गळतील. एकाच धनिकावर विसंबावें, तर त्यानें हात आंखडतांच स्पर्धा बंद पडेल.

यावर महाराष्ट्रानें पूर्वींच एक मार्ग घालून दिलेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंड काढला, तो प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा या कल्पनेवर. त्या थेंबाथेंबांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला.

म्हणून माझें मागणें लहानच आहे : दर कुटुंबानें दरमहा दहा रुपये द्यावे. जमाखर्चाचा पै-पैचा हिशेब आम्ही चर्चच्या फलकावर लावूं. ज्यांस तेंही शक्य नसेल, त्यांनीं स्पर्धेच्या दिवशीं मुलांस जेवण वाढावयास यावें. तेंही दानच होय.

पुढील वर्षीं तीं दोन्ही भावंडें शेजारीं-शेजारीं बसलेलीं दिसावीं, एवढीच आमची इच्छा. ती पुरी करणें आपल्या हातीं आहे, असें सांगून मी आपली रजा घेतों.