कोठडीचे दार कोणी उघडावे?



बंदिवानाचा छळ करू नये, हे तत्त्व जगातील बहुतेक सरकारांना मान्य आहे. निदान कागदावर तरी. वाद तत्त्वाचा नाहीच. कोठडीत रात्री काय घडते ते कोणी आणि केव्हा पाहावयाचे, हा खरा प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८४ साली छळविरोधी करार संमत केला आणि १९८७ मध्ये तो अमलात आला. त्याखाली नेमलेली दहा तज्ज्ञांची समिती करारबद्ध राष्ट्रांकडून दर चार वर्षांनी अहवाल मागविते. परंतु तो अहवाल लिहिणार सरकारच! स्वतःच्या वर्तनाचा दाखला स्वतःच लिहावयाचा म्हटल्यावर तो कसा उतरतो, हे सुज्ञांस सांगावयास नको.

जिनीव्हाच्या झाँ-जाक गोतिए या बँक-व्यवसायातील गृहस्थांना यावर एक साधा उपाय सुचला. रेडक्रॉसचे प्रतिनिधी युद्धकैद्यांना समक्ष जाऊन भेटतात. तीच रीत शांततेच्या काळातील सर्व बंदिवानांसाठी का असू नये? १९७७ साली त्यांनी या कार्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये एक समिती स्थापन केली. जगभरच्या सरकारांना हे पटविणे कठीण होते. युरोप परिषदेने मात्र १९८७ मध्ये ही कल्पना करारात उतरविली. ते पाहावयास गोतिए हयात नव्हते.

या युरोपीय समितीला भेटीचा इरादा सरकारला कळवावा लागतो. त्यानंतर मात्र तिने कोणत्याही ठाण्यात, कोणत्याही वेळी जावे आणि बंदिवानाशी एकांतात बोलावे. याची किंमत म्हणजे गुप्तता. सरकारची संमती नसेल तर अहवाल प्रसिद्ध होत नाही. सरकारने सहकार्यच नाकारले किंवा सुधारणा करण्याचे टाळले, तर दोन-तृतीयांश बहुमताने जाहीर निवेदन काढावयाचे, एवढे एकच अस्त्र समितीच्या हाती आहे.

ते प्रथम तुर्कस्तानवर चालले. याच तुर्कस्तानने १९८८ च्या फेब्रुवारीत, अगदी आरंभीच्या राष्ट्रांत, करारावर शिक्कामोर्तब केले होते. समितीने १९९०, १९९१ आणि १९९२ अशा तीन भेटी दिल्या. अंकाराच्या पोलीस मुख्यालयात ‘मुलाखतीची खोली’ अशी पाटी असलेल्या खोलीत तिला एक बुटका पलंग आढळला. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार, मिळून आठ पट्टे होते. विजेचे झटके देताना आपल्याला कशावर बांधले जाई, याचे बंदिवानांनी केलेले वर्णन त्या पलंगाशी तंतोतंत जुळत होते. मुलाखतीला असा पलंग कशाला, याचा पटण्याजोगा खुलासा कोणालाही करता आला नाही. दियारबकीर येथे तर माणसाला हातांनी टांगण्याचे साहित्य जागेवर सज्जच होते. १५ डिसेंबर १९९२ रोजी समितीने हे सारे जगासमोर मांडले.

पलंग हलविता येतो, आणि सूचना मिळाली असती तर तो खचितच हलविला गेला असता. अवचित भेटीचे मर्म यातच आहे. १९९६ साली इस्तंबूलच्या पोलिसांकडेही अशीच साधने सापडल्याने समितीला दुसरे निवेदन काढावे लागले. पुढे १९९७ च्या मार्चमध्ये तेथील संसदेने न्यायाधीशापुढे उभे न करता कोठडीत ठेवण्याची मुदत घटविली. आणीबाणीच्या प्रांतांत ती तोवर ३० दिवसांपर्यंत जात असे. समिती मुळात हेच मागत होती. पलंगापेक्षा ते ३० दिवस अधिक घातक होते, कारण तेवढ्या अवधीत अंगावरचे वळ पुसले जातात.

गुप्ततेचे शस्त्र दुधारी आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. २०१६ च्या लष्करी उठावाच्या प्रयत्नानंतर समिती पुन्हा तुर्कस्तानात जाऊन आली; पण त्या भेटीचा अहवाल प्रसिद्ध करण्यास सरकारने त्या वेळी संमती दिली नाही.

असा भेटीचा हक्क जगभर लागू करणारा जोड-करार संयुक्त राष्ट्रांनी २००२ साली संमत केला. भारत मात्र मूळ कराराच्याच उंबरठ्यावर उभा आहे. १४ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वाक्षरी झाली. अनुसमर्थन झालेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक संमत केले, ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि अखेर व्यपगत झाले. विधी आयोगाने २०१७ मध्ये अनुसमर्थनाची शिफारस केली. या विलंबाची झळ भलतीकडेच लागते. पुरुलिया येथे १९९५ साली विमानातून शस्त्रे टाकल्याच्या प्रकरणातील आरोपीला भारताच्या स्वाधीन करण्यास डेन्मार्कच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. कारण दिले ते हेच, की भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे.