ज्ञातीची यादी आणि घरचा उंबरठा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘चालू घडामोडी आणि आपण’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आपल्या व्यासपीठावर राजकारण आणू नये, हा आपला जुना शिरस्ता आहे आणि तो मोडण्याचा आमचा विचार नाही. परंतु राजकारण आपण व्यासपीठावर आणले नाही, तरी ते आपल्या घरी येऊन पोहोचले आहे, आणि त्याला घराचा पत्ता आपणच दिला आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते त्याविषयी. त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही आहे.

आपल्या संस्थेची कुटुंबसूची ही आपली जुनी मिळकत. पूर्वीचे चिटणीस सुट्टीच्या दिवशी घरोघर हिंडत, ओटीवर बसून चहा घेत आणि जाड पुठ्ठ्याच्या वहीत नोंदी करीत. कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, मुलेबाळे, शिक्षण, उद्योग, सारे त्या वहीत असे. ती वही चिटणीसांच्या कपाटात कुलपात राही. कोणाला स्थळ पाहावयाचे असले किंवा परगावी आजारपणात कोणाचा आधार हवा असला, की तो चिटणीसांकडे जाई. चिटणीस चष्मा लावीत आणि हवी तेवढीच ओळ वाचून दाखवीत.

पुढे चिटणीसपद आमच्याकडे आले. नव्या काळास शोभेल असे काही करावे, या उत्साहाने आम्ही ती सारी वही संगणकावर उतरविली. जन्मतारखा, मोबाईल क्रमांक, पत्ते आणि विवाहेच्छूंचे उत्पन्न यांची भर घातली, आणि एका पाडव्याला ती पीडीएफ आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर पाठवून दिली. आपण सर्वांनी आमचे कौतुक केलेत. ते आम्ही संकोच न करता घेतले, हेही सांगितले पाहिजे.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. त्याआधीच्या पंधरवड्यात आपल्यापैकी अनेकांना नावानिशी संदेश आले. आपल्या ज्ञातीचा कैवार घेणारे ते संदेश परस्परांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन पक्षांच्या वतीने होते. आमच्याही मोबाईलवर ते आले. त्यात आमच्या तीर्थरूपांच्या नावातील एक अक्षर चुकलेले होते. तीच चूक आमच्या यादीत होती आणि अन्यत्र कोठेही नव्हती. यादी कोणाच्या हातून बाहेर गेली, हे आम्हांस अद्याप कळलेले नाही. ती घरातूनच गेली, एवढे मात्र त्या एका अक्षराने सिद्ध केले.

दुसरी गोष्ट सांगताना जीभ जड होते. आपल्यातील एका वृद्ध भगिनींच्या यजमानांना आपण या स्मरणिकेत श्रद्धांजली वाहिली होती. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, निधनाची तारीख, नोकरीचे खाते, सारे छापले होते. काही आठवड्यांनी त्यांना एक दूरध्वनी आला. निवृत्तिवेतनाचे काम आहे असे सांगून पलीकडच्या माणसाने ती सर्व माहिती अचूक म्हणून दाखविली आणि मोबाईलवर आलेला क्रमांक विचारून घेतला. सत्तर हजार रुपये गेले. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, त्याने ह्यांचे नाव इतक्या आदराने घेतले, मला वाटले आपल्यातलाच कोणी असेल.” ही माहिती आपल्याच पानांवरून गेली, हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. गेली नाही, असे म्हणण्याचे धैर्यही आम्हांस होत नाही.

या दोन प्रसंगांनंतर आम्ही खासगी जीवनाच्या हक्काविषयी थोडे वाचन केले. खडकसिंग या उत्तर प्रदेशातील गृहस्थावर दरोड्याचा संशय होता. पुराव्याअभावी ते सुटले, तरी पोलीस त्यांच्यावर पाळत ठेवीत आणि रात्री-अपरात्री दार ठोठावीत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीची ही घरभेट घटनाबाह्य ठरविली. परंतु खासगीपणाचा हक्क असा घटनेने दिलेला नाही, असेही बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्याच वेळी वेगळे मत नोंदविले होते. ते मान्य होण्यास पंचावन्न वर्षे लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या संदर्भात केलेल्या याचिकेतून हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे गेला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने निर्णय दिला की, खासगी जीवन हा मूलभूत हक्क आहे.

“आपल्याला लपवावयाचे काय आहे? मग भीती कशाची?” असे आपल्यातील काही मंडळी विचारतात. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, जेवावयास बसताना आपण दार लोटून घेतो, ते चोरीचे अन्न खातो म्हणून नव्हे. मतदान गुप्त ठेवण्याची तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, ती मतदार गुन्हेगार असतो म्हणून केलेली नाही. कोणाची भीड वा भीती न धरता माणसास आपले मत ठरविता यावे, एवढ्याचसाठी तो पडदा आहे. जो मतदान-कक्षात पडदा मागतो, त्याने घरात तो मागितला तर काय बिघडले?

मताचा विषय निघाला म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत सारे व्यवहार बंद राहिले. पालघरच्या एका तरुणीने त्याविषयी फेसबुकवर प्रश्न केला आणि दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. ज्या कलमांचा आधार घेतला गेला, त्यांतील माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. न्यायालयाने कलम रद्द केले. पण आपण आपल्या सवयी रद्द केल्या काय? गेल्या निवडणुकीच्या वेळी आपल्या समूहावर आपल्याच एका कन्येने वेगळे मत मांडले. ते चार ओळींचे होते आणि भाषा सभ्य होती. कोणीतरी त्याचे चित्र टिपून तिच्या सासरी पाठविले. ती मुलगी समूह सोडून गेली आणि या वर्षी संमेलनासही आलेली नाही. तिचे मत आम्हांस पटले नव्हते. तरीही ते आपल्या अंगणात बोललेले होते आणि अंगणातले बोलणे चव्हाट्यावर नेण्याचा अधिकार कोणासही नव्हता.

आता जनगणनेकडे पाहा. सर्व जातींची नोंद करणारी शेवटची जनगणना १९३१ ची. येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी ठरविले. तिचा संदर्भदिन देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ आहे. त्या निर्णयाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु १९४८ च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम फारसे कोणी वाचलेले दिसत नाही. एका व्यक्तीने दिलेली उत्तरे कोणासही पाहावयास मिळणार नाहीत, असे ते कलम सांगते. सरकार ज्या नोंदी कुलपात ठेवावयाचे वचन देते, त्याच नोंदी आम्ही पाडव्याची भेट म्हणून वाटल्या!

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. दुसऱ्याची माहिती बाळगणारास या कायद्याने जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असा होतो. सुरक्षिततेची काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस पालकांची संमती आवश्यक केली आहे. दंडाच्या आकड्याने आम्ही घाबरलो नाही. त्या ‘विश्वस्त’ शब्दाने मात्र खाली मान घालावयास लावली. कपाटाची किल्ली कमरेला लावणारे आमचे पूर्वीचे चिटणीस कायदा नसतानाही विश्वस्त होते.

कोणी म्हणतील, यादीच बंद केली तर ज्ञाती जुळणार कशी? हा आक्षेप रास्त आहे. परगावी दवाखान्यात रात्र काढणाऱ्या माणसास ज्ञातिबंधूचा क्रमांक देवासारखा वाटतो. म्हणून यादी बंद करावी, असे आम्ही म्हणत नाही. तिला पुन्हा कुलूप लावावे, एवढेच आमचे मागणे आहे. छापील सूचीत नाव आणि गाव असावे. जन्मतारीख, पत्ता व क्रमांक चिटणीसांकडे असावेत आणि त्या कुटुंबास विचारूनच द्यावेत. स्थळाची माहिती मुलाने वा मुलीने स्वतः होकार दिल्यावरच पुढे जावी आणि लग्न ठरताच नष्ट करावी. गुणगौरवाच्या पानावर पालकांना विचारल्याशिवाय मुलांची छायाचित्रे व शाळा छापू नयेत. श्रद्धांजलीत माणसाचे गुण लिहावेत, त्याच्या खात्याचा तपशील लिहू नये. कोणत्याही पक्षास यादी देणाऱ्या पदाधिकाऱ्याने पद सोडावे. आणि कोणी फसला, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. वेळेवर कळविले तर पैसे अडवून धरता येण्याचा संभव असतो.

जुनी पीडीएफ आपण सर्वांनी आज घरी गेल्यावर आपापल्या मोबाईलमधून काढून टाकावी, ही आमची विनंती. बाहेर गेलेले परत येणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही येथून आरंभ करू. त्या भगिनी आज सभागृहात बसल्या आहेत. भर सभेत आम्ही त्यांची क्षमा मागतो. आणि जी मुलगी आलेली नाही, तिच्या घरी येत्या रविवारी आम्ही स्वतः जाणार आहोत. यादीतला क्रमांक पाहून नव्हे, तिच्या वडिलांना विचारून.