पिशवीचे पुण्य

कापडी पिशवी हाती घेऊन मंडईत शिरणाऱ्या गृहस्थाच्या चर्येवर हल्ली एक सात्त्विक समाधान दिसते. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून तर ते अधिकच उजळले आहे. गटारे तुंबत नाहीत, गाईच्या पोटात प्लॅस्टिक जात नाही, हा लाभ खराच. परंतु पुण्याचाही हिशेब असतो. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०११ साली तो मांडला. कापूस पिकविणे, सूत कातणे, कापड विणणे यांचा हवामानावर भार पडतो. एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या भाराशी त्याची बरोबरी व्हावयाची, तर कापडी पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा बाजार धरला, तर ही अडीच वर्षांची तपश्चर्या झाली! मग समारंभागणिक मिळालेल्या कोऱ्या पिशव्या कपाटात साठविणाऱ्याच्या पदरी कोणते पुण्य पडावे? पूर्वीच्या गृहिणी जुन्या लुगड्याची पिशवी शिवीत, विरेपर्यंत वापरीत आणि शेवटी तिचे पोतेरे करीत. आपण काही पुण्य जोडीत आहोत, हे त्यांच्या मनातही येत नसे. नवी पिशवी घेण्यापूर्वी खुंटीवरची जुनी उचलावी, एवढाच त्यांचा धडा आहे.