डाव नोंदवायचा कसा?

(अहिल्यानगर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



२०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरीचा मान याच शहरात ठरला. त्या स्पर्धेत गादीवरच्या एका लढतीत पैलवानाचे दोन्ही खांदे टेकले की नाही, यावरून रान पेटले. चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या, तरी वाद मिटला नाही. एका क्षणाचे हे असे, तर अख्खी कुस्ती पुढच्या पिढीसाठी नोंदवून ठेवायची कशी?

ही धडपड मराठीला नवी नाही. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे १० खंड मराठीत सिद्ध केले. व्यायामाचे नाना प्रकार त्यांनी वर्णन आणि चित्रांसह एका जागी आणले. आता हे काम संगणक करू पाहतो. सांध्यांवर चमकते ठिपके लावतात, भोवतालचे कॅमेरे सेकंदाला शंभरावर वेळा त्यांची जागा टिपतात आणि शरीराची हालचाल आकड्यांत साठते. धावणे, नाचणे यांना ही रीत मानवते. कुस्तीत दोन देह गुंतले, की ठिपके झाकले जातात, घासून निघतात.

खरी अडचण मात्र पुढेच आहे. एकेरी पट घ्या. समोरचा मागे सरकतो, त्याचे वजन मागच्या पायावर जाते, पुढचा पाय हलका होतो. नेमका तेव्हाच पैलवान खाली शिरून तो पाय कवळतो. जरा उशीर झाला, तर समोरचा दोन्ही पाय मागे फेकून छातीचा सगळा भार पाठीवर टाकतो आणि डाव तिथेच मोडतो. कॅमेऱ्याला वाकलेली पाठ दिसते. पाय हलका झाल्याचे कळते ते मनगटाला धरलेल्या पंजातून. तो दाब, ती वेळ नोंदीत आली नाही, तर हाती फक्त आकृती राहते.

म्हणून माझे म्हणणे असे, की नोंद एकट्या पैलवानाची नको, जोडीची हवी. डावासोबत त्याची तोड हवी. वजन कुठे होते, पकड कधी बदलली, डाव का फसला, हे वस्तादांच्या तोंडून त्याच चित्रफितीवर यायला हवे. डावांची नावे तालमीतलीच राहू द्या: ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी. नोंद वापरायची परवानगी तालमीकडून घ्या आणि तिचे श्रेयही तालमीलाच द्या.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वस्ताद, दोन पठ्ठे, दोन बाजूंना दोन मोबाइल आणि लिहून घेणारा एक विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात होते. आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. जुने वस्ताद तिथे हमखास भेटतात. महाविद्यालयातल्या तरुणांना माझी विनंती आहे: यंदाच्या हगाम्यात नुसती कुस्ती पाहून परतू नका. एका वस्तादांजवळ बसा आणि एक डाव, त्याच्या तोडीसकट, पुरा नोंदवून आणा.