सर्किटचें गणित आणि संगणकाचें साधन

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव लागतें. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळें या गांवाचें नांव दूरचित्रवाणी-संचांशीं जोडलें गेलें. २०१८ सालीं त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कारखाने उभे राहतात आणि बसतातही; परंतु सर्किट कसें चालतें हें ज्याला खरोखर उमगलें, त्याची विद्या त्याच्याजवळ राहते. म्हणून अशा गांवच्या विद्यार्थ्याच्या हातीं संगणकावरील कोणतें साधन द्यावें, हा प्रश्न केवळ खरेदीचा नव्हे.

या साधनांपैकीं बहुतेकांचें मूळ एकच आहे. १९७३ सालीं अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखालीं लॉरेन्स नेगल यांनीं ‘स्पाइस’ ही आज्ञावली पुढें आणली. सर्किटमधील प्रत्येक सांध्यावर किती व्होल्ट येतील याचीं समीकरणें मांडून ती सोडवून देते. विद्यापीठानें ती मोकळेपणानें वाटल्यामुळें तिचा वंश विस्तारला.

आतां निवडीची पहिली कसोटी अशी कीं, साधन विद्यार्थ्याच्या घरीं जातें काय? महागड्या परवान्याचें साधन प्रयोगशाळेच्या कुलुपाबरोबर बंद होतें. ‘एल्‌टी-स्पाइस’ विनामूल्य मिळतें, पण त्याचें अंतरंग उघडून पाहतां येत नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी. तील ‘फॉसी’ प्रकल्पानें ‘की-कॅड’ व ‘एन्‌जी-स्पाइस’ या खुल्या साधनांच्या आधारें ‘ई-सिम’ घडविलें. तें विनामूल्य आहेच, शिवाय त्याची आज्ञावली वाचतां व बदलतांही येते. शिकविण्यास तें अधिक योग्य. मात्र ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीचे भाग वापरून आराखडा करणाऱ्यास त्याच कंपनीचें एल्‌टी-स्पाइस सोयीचें पडतें. त्या भागांचीं गणिती प्रारूपें त्यांत तयार असतात.

दुसरी कसोटी शिक्षकाची आहे. १ किलोओहमचा रेझिस्टर व १ मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर एकापुढें एक जोडून ५ व्होल्ट दिले, तर १ मिलिसेकंदानंतर कपॅसिटरवर सुमारें ३.१६ व्होल्ट येतात. हा आंकडा विद्यार्थ्यानें आधीं वहींत काढावा, मग पडद्यावर पडताळावा. क्रम उलटा झाला, तर पाढे टाकून उत्तरसूची पाठ केल्यासारखें होतें.

तिसरी कसोटी प्रत्यक्ष टेबलाची. १०० ओहमच्या, पाव वॅट सोसणाऱ्या रेझिस्टरला १२ व्होल्ट लावले, तर १.४४ वॅट उष्णता निघते. पडद्यावरील रेझिस्टर १२० मिलिॲम्पिअर निमूटपणें वाहूं देतो, टेबलावरचा करपतो. साधन नियमाचें गणित करतें. वस्तूला तें सोसेल कीं नाहीं, हें विचारण्याची संवय विद्यार्थ्यालाच लागली पाहिजे.

ज्या श्रोत्यांचीं मुलें हा विषय शिकत असतील, त्यांनीं साधनाचें नांव विचारण्यापूर्वीं मुलांची वही पाहावी. तींत गणित असेल, तर विनामूल्य साधनही पुरेल. नसेल, तर महागांतलें महाग साधनही अपुरेंच पडेल.