सूज उतरली, पण गुडघा बरा झाला का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळी सरली, कापूस घरात येऊ लागला, की आपल्या वर्धा जिल्ह्यात गावोगाव कबड्डीचे सामने रंगू लागतात. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या ओपीडीत लंगडत येणाऱ्या पोरांची संख्या वाढते.

गेल्या हंगामात देवळी तालुक्यातली बारावीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. चढाईवरून परत फिरताना तिच्या गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि ती खाली बसली. कुणाचा धक्काही लागला नव्हता. तासाभरात गुडघा टम्म सुजला. गावातल्या एका जाणत्याने तेल लावून चोळून दिले, एका दवाखान्यात एक्स-रे निघाला. वडिलांनी तो माझ्यापुढे धरला. "डॉक्टरसाहेब, फोटोत तं हड्डी साबूत हाये जी!"

हाड खरेच साबूत होते. मुका मार म्हणून गोळ्या मिळाल्या, तीन आठवड्यांत सूज उतरली, मुलगी पुन्हा मैदानात गेली. पहिल्याच चढाईत गुडघा सटकला. असे तीनदा झाले, तेव्हा ती आमच्याकडे आली.

मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत दोन भक्कम दोर बांधून ठेवतात. त्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. त्यातला पुढचा दोर नडगीला पुढे घसरू देत नाही. पाय जमिनीत रोवलेला आणि अंग गर्रकन वळले, की तो तुटतो. कबड्डीत तर हेच सारखे करावे लागते. मुलींमध्ये ही इजा मुलांपेक्षा अधिक आढळते. एक्स-रेत हाड दिसते, दोर दिसत नाही. म्हणून 'फोटो चांगला आहे' याचा अर्थ 'गुडघा चांगला आहे' असा नव्हे.

खरे निदान सुरू होते ते विचारपूस करण्यापासून. आवाज झाला का? सूज केव्हा आली? तास-दोन तासांत आली असेल तर आत रक्त साचले असावे, आणि अशा वेळी दोर तुटल्याची शंका आधी घ्यावी. दुसऱ्या दिवशी सूज आली आणि गुडघा मधेच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, तर दोन हाडांमधली गादी फाटली असण्याचा संभव असतो. मग गुडघा किंचित वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहायची. दोर शाबूत असेल तर ती हिसका देऊन थांबते. तुटला असेल तर पुढे सरकत राहते. या तपासणीला पैसा लागत नाही, हात सरावाचा लागतो. पण पहिल्या दिवसांत दुखण्यामुळे स्नायू आखडलेले असतात आणि काही कळत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावून तपासावे लागते. नेमकी हीच दुसरी फेरी चुकते. सूज उतरलेली असते, मग पोर एसटीचे भाडे घालून कशाला येईल? एमआरआयचा क्रम त्यानंतरचा.

मैदानावर करायचे ते थोडेच आहे. खेळ थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाचदा ठेवा. क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणे तर मुळीच नको. चार पावलेही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यासाठी नागपूरच गाठायला हवे असे नाही. सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही ठिकाणी अस्थिरोगाचे आणि फिजिओथेरपीचे विभाग आहेत.

दोर तुटला म्हणजे शस्त्रक्रियाच, असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आधी व्यायामोपचार दिलेल्या ५९ जणांपैकी २३ जणांनीच पुढच्या दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली. मात्र ज्याला पुन्हा कबड्डी खेळायची आहे आणि ज्याचा गुडघा वारंवार सटकतो, त्याचे प्रकरण वेगळे. प्रत्येक सटकण्यात आतली गादी आणखी फाटते. अशांना दुर्बिणीतून, मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा घेऊन नवा दोर बसवतात. २०१६ साली रिओत स्ट्रेचरवरून बाहेर न्यावी लागलेली विनेश फोगट शस्त्रक्रियेनंतर २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आली, हे आपण पाहिलेच.

पण शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने सामना नाही. त्याआधी उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो. महिने मोजूनही भागत नाही. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांची तुलना करतो. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी भरली पाहिजे.

त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली. गादीही फाटली होती, ती शिवावी लागली. पहिल्याच महिन्यात आली असती तर कदाचित वाचली असती. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून तिला पोलिसात जायचे आहे. सातव्या महिन्यात तिची उडी ऐंशी टक्के भरली. त्याच महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी होती. मी नाही म्हटले. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. वडिलांनी तेवढे विचारले, "मंग पुढल्या खेपेले केव्हा आणू जी?"